सोबतीचं पान

१

हे गेल्यापासून मी ओट्याशी उभ्यानेच जेवते. कढईतली भाजी कढईतच, पोळी हातावर. एकटीसाठी ताट घ्या, मग ते घासा, कोणी सांगितलेत नसते उद्योग! मिरजेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेला माझा. लोकांचे फोन जोडून दिले, लोकांची बोलणी कानावर पडली, आणि आता घरात बोलायला माणूस नाही. असो. रडगाणं गायला बसले नाहीये मी, चेन्नईतल्या त्या बंगल्याचं सांगायचंय.

माझा पुष्कर चेन्नईला अंबत्तूरच्या एका गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर आहे. बायको कीर्तना तिकडचीच. तिचे दिवस भरत आले तसं त्याने मला बोलावून घेतलं. मी डिंकाचे लाडू केले, जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवली, बॅग भरली आणि निघाले. स्टेशनवर तो न्यायला आला होता. गाडीत बसल्यावर म्हणाला, "आई, रागवू नकोस हं. घरी कीर्तनाचे आईबाबा आहेत, तिची मावशी आहे. तुला झोपायला धड जागा नाही. अड्यारला एक झकास बंगला बघितलाय. जुना, संस्थानी थाटाचा. राहायचं आणि सकाळचा नाश्ता. शिवाय हॉस्पिटल तिथून जवळ. बाळ झालं की सगळ्यांत आधी तूच पोचशील बघ!"

मी म्हटलं, "छान केलंस की."

दुसरं काय म्हणणार? नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, पण पोराचं तोंड आधीच उतरलेलं. वाटभर दोघंही रस्त्याकडे बघत बसलो.

२

बंगला खरंच देखणा होता. लाल गुळगुळीत कोबा, सागवानी खांब, छताला लांब दांडीचे पंखे. सगळीकडे कापराचा आणि ओल्या चुन्याचा वास. मालकीण विजयालक्ष्मीअम्मा, ऐंशीच्या घरातल्या, नाकात दोन्हीकडे हिऱ्याच्या चमक्या. त्यांचे यजमान दिनानाथ दिवसभर झोपाळ्यावर. ही तंजावरची मराठी माणसं. बोलणं मराठीच, पण जुन्या चालीचं आणि तमिळ हेलाचं.

"मिरजेची काय गे तू? बरं झालं. पुष्कळ दिवसांनी आपली भाषा कानी आली," अम्मा म्हणाल्या. मला फार बरं वाटलं.

सकाळी नाश्त्याला खाली आले. लांबलचक संगमरवरी टेबल, जड लाकडी खुर्च्या. टेबलावर केळीची दोन पानं मांडलेली, शेजारी शेजारी. दुसरे कोणी पाहुणे दिसत नव्हते.

"अम्मा, आणखी कोण येतंय?"

"कोणी नाही. ते सोबतीचं पान," पोंगल, म्हणजे त्यांची मऊ खिचडी, वाढता वाढता त्या म्हणाल्या. "आमच्या घरी एकल्याला बसवून वाढीत नाहीत. सासूबाईंच्या आधीपासून चाल आहे. आम्ही दोघं पूजा झाल्याशिवाय खात नाही, मग पाहुण्याला सोबत नको?"

आणि त्यांनी त्या रिकाम्या खुर्चीपुढच्या पानावरही सगळं वाढलं. इडली, पोंगल, चटणी, एक मेदुवडा. पाण्याचा गडू ठेवला. मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी मी बसून खात होते आणि शेजारी पान होतं. चार घास जास्तच गेले.

खाऊन झाल्यावर मी जरा शहाणपणा केला. आमच्या एक्स्चेंजमध्ये पद्मा म्हणून तमिळ मैत्रीण होती. तिने शिकवलं होतं, जेवण आवडलं की पानाची पलीकडची बाजू उचलून आपल्याकडे दुमडायची. आपल्या मुलखात पान उघडंच टाकून उठतात. म्हटलं, दाखवू या अम्मांना, मलाही तुमच्या रीती ठाऊक आहेत. नीट, हळूच दुमडलं.

अम्मा कॉफीचा पेला घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या.

"हे कोणी शिकविलं गे तुला?"

"का? चुकलं का काही?"

त्या झोपाळ्याकडे बघून दिनानाथांना तमिळमध्ये काहीतरी बोलल्या. त्यांनी मान हलवली. "परवाइल्लै, परवाइल्लै," अम्मा माझ्याकडे वळून म्हणाल्या. काही हरकत नाही म्हणे. "पाहुण्यांना आम्ही सांगतोच, पान उघडं ठेवा म्हणून. तू तिकडची मराठी, तुला कोठली ठाऊक असायला ही रीत, म्हणून सांगायचं राहिलं."

३

पुष्कर रोज फोन करायचा. आज मीटिंग, उद्या डॉक्टर, परवा सासऱ्यांना बँकेत न्यायचंय. "उद्या नक्की येतो गं आई." मी म्हणायची, "ये सावकाश, मी मजेत आहे." फोन ठेवला की बंगला आणखी मोठा वाटायचा. दुपारभर कुठेतरी दाराची कडी हलायची, पंखा कुरकुरायचा, आणि मी दुपट्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालत बसायची. संध्याकाळी बाहेर फिरून यायची. फुलवाली हसायची, मी हसायची, संभाषण संपलं.

त्यामुळे सकाळच्या पानाची मी वाट बघायला लागले. हसू नका. मी त्या खुर्चीशी बोलायला लागले होते. "आज सांबार झणझणीत आहे हं," "पुष्करचा फोन आला होता, सून बरी आहे," असं आपलं काहीबाही. अम्मा आत असल्या की हळू आवाजात.

एकदा अम्मांच्या हातून चमचा खाली पडला, तो उचलायला मी वाकले आणि आधारासाठी शेजारच्या खुर्चीवर हात टेकला. बैठक गरम होती.

उन्हाने तापली असेल म्हणावं, तर ऊन त्या भिंतीला येतच नाही. माझी खुर्ची चाचपून बघितली. ती मी बसले होते तेवढ्या जागी गरम होती, बाकी गार. शेजारचीही तशीच. मधे गरम, कडांना गार.

मांजर असेल, मी मनाशी म्हटलं. जुन्या घरात मांजरं असतातच. अम्मांना विचारलं तर म्हणाल्या, "मांजर? छे गे. यांना खोकला होतो मांजराने."

हरकत नाही म्हणाल्या होत्या, म्हणून माझं पान मी रोज दुमडायचीच; त्या दिवशी उठताना बघितलं, सोबतीचं पानही दुमडलेलं होतं. पलीकडची बाजू उचलून, खुर्चीकडे. मी स्वतःला बजावलं, कुमुदिनी, तूच बोलण्याच्या नादात दुमडलं असशील. म्हातारपण आलं.

पण माझा हात तिथवर पोचत नव्हता. मी बसून बघितलं, पोचतच नव्हता.

४

मेदुवडा मला जीव की प्राण. ह्यांना माहीत होतं. मिरजेच्या हॉटेलात गेलो की हे आपल्या बशीतला वडा न बोलता माझ्या बशीत सरकवायचे, वर पेपरात डोकं घालून बसायचे. आभार मानलेले आवडायचे नाहीत त्यांना.

तर त्या सकाळी मी गडूतून पाणी ओतून घेतलं, प्यायले, पेला खाली ठेवला, आणि माझ्या पानावर दोन वडे होते. शेजारच्या पानावर एकही नाही. ज्या जागी तो होता तिथे तेलाचा गोल डाग.

घाबरले का? नाही. लाज वाटते सांगायला, पण मला आनंद झाला. मला वाटलं, हेच आहेत. दुसरं कोण असणार? मी तिथेच पदराने डोळे टिपले आणि म्हटलं, "अहो, तुम्ही खा ना." आणि दोन्ही वडे खाल्ले, अगदी चवीने.

मग रोजच तसं व्हायला लागलं. मी मुद्दाम मान फिरवायची, खिडकीतल्या कावळ्याकडे बघायची. परत वळावं तर वडा माझ्याकडे. पुष्कर "उद्या येतो" म्हणाला तरी आता मला तेवढं लागत नव्हतं. म्हणायची, "तुझं आवर रे बाबा, मला इथे सोबत आहे." तो म्हणाला, "वा, मैत्रिणी मिळाल्या वाटतं!" सुटल्यासारखा आवाज होता त्याचा. मला कळतात आवाज.

एका सकाळी मात्र मी मान फिरवली नाही. नुसती फिरवल्यासारखी केली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत राहिले. बघायचंच होतं मला ह्यांना.

पानाच्या कडेवरून एक हात पुढे आला. फक्त हात, मनगटाच्या थोडा वरपर्यंत. बाईचा हात. वाळलेला, सुरकुतलेला, माझ्यासारखाच. मनगटावर घड्याळ होतं आणि त्याची तबकडी आतल्या बाजूला फिरवलेली, नोकरी करणाऱ्या बायका घालतात तशी. बोटांना भात लागला होता. त्या हाताने वडा उचलला, माझ्या पानावर ठेवला, आणि थोडा वेळ तिथेच राहिला, वड्याशेजारी, माझ्या हाताला लागेल न लागेल असा.

हे नव्हते. ही कोणीतरी परकी बाई होती, आणि मी इतके दिवस तिच्या वाटचं खात होते.

उठायला गेले तर खुर्ची मागे सरकेना. "अम्मा!" मी ओरडले, आणि अम्मा आतून धावत आल्या तेव्हा शेजारचं पान दुमडलेलं होतं.

५

मी अम्मांना झोपाळ्यापाशी गाठलं. सरळ विचारलं, "शेजारी कोण बसतं?"

"ते नाव आम्ही घेत नाही गे."

"भूत आहे का?"

"शिव शिव! आमच्या घरी भूतबीत कोठलं? सोबत आहे." अम्मांच्या डोळ्यांत पाणी होतं. वाईट बाई नव्हती ती, हे मी आजही सांगेन. "पान आपल्याकडे दुमडलं म्हणजे या पंगतीला पुन्हा बसेन, असं सांगणं झालं. तू रोज दुमडतेस. आता उघडं ठेवून चालायचं नाही. जाताना उलटं दुमड. आपल्या बाजूची कड उचलून पलीकडे. मग सरी, ठीक झालं. मग तू सुटलीस."

"उलटं तर मर्तिकाच्या जेवणाला दुमडतात ना?" एवढंही पद्माने शिकवलं होतं मला.

"हो. तसंच."

"आणि माझी सून अवघडलेली! घरात बाळ यायचंय आणि मी मर्तिकाचं पान दुमडू? भलतंच काय सांगता, अम्मा!"

दिनानाथ एरवी बोलत नसत. ते झोपाळा थांबवून म्हणाले, "तुझ्या शेजारी बसतात त्या अक्काही असंच म्हणाल्या होत्या. मुलगा न्यायला येणार आहे, अभद्र नको."

"मग? आला का मुलगा?"

"आला की," अम्मा म्हणाल्या. "जेवून गेला."

मी वर खोलीत जाऊन पुष्करला फोन लावला. माझा आवाज ऐकूनच तो घाबरला. "पुष्कर, मला इथून ने. मी तुमच्या हॉलमध्ये जमिनीवर झोपेन, स्वयंपाकघरात झोपेन. पण मला ने रे बाबा."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "सॉरी आई. मी चुकलो. तुला असं ठेवायला नको होतं. आज कीर्तनाला ॲडमिट करतोय, उद्या सकाळी हॉस्पिटलमधून थेट तुझ्याकडेच येतो. उपाशीच येईन, तिथेच दोघं नाश्ता करू, मग तू कायमची आपल्या घरी. चालेल?"

चालेल काय! मी रडत रडत हसले. लाडवांचा डबा बॅगेत सगळ्यांत वर ठेवला.

६

सकाळी आंघोळ करून, ठेवणीतली साडी नेसून खाली आले. बॅग दाराशी ठेवली. झोपाळ्यावर दिनानाथ होते. मी म्हटलं, "येते हं, आज मुलगा नेतोय." त्यांनी बागेकडे बघितलं. कान गेलेत बिचाऱ्यांचे, मी म्हटलं.

टेबलावर दोन पानं. चला, आज खरोखरीची सोबत. मी माझ्या खुर्चीकडे निघाले तेवढ्यात पुष्कर आलाच. केस विस्कटलेले, रात्रभर जागलेला, डोळे मोबाईलमध्ये. आला तो थेट माझ्या खुर्चीवर बसला. मला हसू आलं. लहानपणापासून त्याला माझीच जागा लागायची. मग मी शेजारच्या खुर्चीवर बसले.

ती गरम होती. बसल्यावर कळलं.

"आंटी, आई उठली नाही का अजून?" पुष्करने विचारलं.

मी म्हटलं, "चावटपणा पुरे." लहान असताना तो हा खेळ खेळायचा, माझ्या मांडीवर बसून "आई कुठाय?"

"येतील की," अम्मा त्याला वाढत म्हणाल्या. "तू खा. एकल्याला बसवीत नाही आम्ही." आणि त्यांनी माझ्या पानावरही वाढलं. माझ्याकडे न बघता.

"पुष्कर," मी म्हटलं. "अरे, इकडे बघ ना."

त्याने मोबाईल कानाला लावला. माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये फोन वाजला. मी घाईघाईने काढला, 'पुष्कर' नाव दिसत होतं. उचलला. "अरे, शेजारीच बसलेय मी!" माझाच आवाज माझ्या कानात आला. शेजारी पुष्कर म्हणाला, "उचलत नाहीये. बाथरूममध्ये असेल."

जन्मभर फोन जोडले हो मी. हजारो लोकांचे जोडले.

मी त्याचा दंड धरला. त्याने नुसती बाही खाजवली. मग मला दुसरं काही सुचेना. त्याचं तोंड सुकलेलं दिसत होतं, पोर रात्रभर उपाशी. मी माझा वडा उचलून त्याच्या पानावर ठेवला. त्याने बघितलं, अम्मांना वाटलं असेल द्यावासा असं समजून खाल्ला. "वडा मस्त आहे, आंटी."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "काय? आत नेलं? आलो, आलो!" तो ताडकन उठला. हात धुवायलाही थांबला नाही, रुमालालाच पुसले.

आता माझ्या हातात एकच गोष्ट होती. माझ्या पुढ्यातल्या पानाची कड मी दोन्ही हातांनी धरली. पलीकडे दुमडायचं, बस्स, की मी सुटले. पोराबरोबर गाडीत, हॉस्पिटलात, नातवंडाजवळ. कड थोडी उचललीसुद्धा.

शेजारी पुष्करचं पान होतं. त्याचं अर्धं जेवण त्यावर तसंच. एकाच पंगतीला बसलो होतो आम्ही दोघं. त्याचं बाळ या क्षणी जगात येत होतं, आणि मी त्याच्या शेजारी मर्तिकाचं पान दुमडत होते. कोणाचं मर्तिक? बोला ना, कोणाचं लावू मी त्या घरात?

नाही झालं माझ्याच्याने. कुठल्या आईच्याने होईल? मी पलीकडची बाजू उचलली आणि आपल्याकडे दुमडली, नीट, हळूच.

७

दारातून पुष्करचा आवाज आला. "अगं, तू इथे आहेस होय! किती शोधलं तुला. चल, चल, आत नेलंय तिला."

मी खिडकीकडे बघितलं. गाडी चालूच होती. पुष्कर माझी बॅग डिकीत टाकत होता आणि मान वाकडी करून मोबाईलवर बोलत होता. पुढच्या सीटवर कोणीतरी बसलेलं होतं. माझ्या साडीच्या रंगाचा पदर दिसला, चेहरा काचेच्या चकाकीत गेला. मग एक हात बाहेर आला आणि त्याने गाडीचं दार ओढून घेतलं. मनगटावर घड्याळ, तबकडी आतल्या बाजूला.

पुष्करने एकदा तरी तिच्याकडे वळून बघावं म्हणून मी देव पाण्यात घातले. त्याने बघितलं नाही. गाडी फाटकाबाहेर गेली.

ती वाईट नसणार. स्वतःचा वडा द्यायची मला. बाळाला नीट धरेल. लाडू वरच आहेत, तिला सापडतील.

इथलं माझं बरं चाललंय. अम्मा रोज वाढतात. परवा एक म्हातारे गृहस्थ आलेत, कानपूरहून, इथल्या बँकेत मुलगी आहे म्हणे. फार मुके मुके खातात. मी माझा वडा त्यांच्या पानावर ठेवते, तेव्हा त्यांचे डोळे भरून येतात. त्यांनी अजून पान दुमडलेलं नाही.

सगळं आहे. फक्त मुलगा झाला की मुलगी, तेवढं मात्र मला अजून कोणी सांगितलेलं नाही.